दादाच्या नंबरवर

त्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी मी बाकावरून उठलेच नाही. माझ्या रांगेतली सगळी माणसं पुढे जाऊन, गुडघे टेकून भाकर आणि द्राक्षरस घेऊन परत आली आणि मी मांडीवर पर्स धरून बसून राहिले. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी दारात विचारलं, "ताई, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "गुडघे दुखतात हो." गुडघे दुखत होतेच, ते काही खोटं नव्हतं. पण मनात खोट असताना प्रभूची भाकर घेऊ नये, आणि ती खोट त्या पर्समध्ये घडी घालून ठेवलेली होती.

परळच्या ज्या चाळीत माझा जन्म झाला ती पुनर्विकासाला गेली होती. खोलीची भाडेपावती अजून वडिलांच्याच नावावर होती. वडील गिरणीत होते, त्यांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. आम्ही दोन भावंडं, दादा मोठा आणि मी. दादा लग्नानंतर विरारला राहायला गेला. मी नर्सची नोकरी केली, लग्न केलं नाही आणि आईचं शेवटपर्यंत सगळं त्याच खोलीत राहून केलं. पाच वर्षांपूर्वी दादाही गेला. आता बिल्डरकडे वारसांचे कागद द्यायचे होते. चाळीच्या कमिटीचे सेक्रेटरी आमचे शेजारीच. ते एकदा दारात उभे राहून सहज म्हणाले, "ताई, कशाला लफडी वाढवता? दादा राहिले नाहीत, वहिनी इकडे फिरकत नाहीत. तुम्ही एकट्याच वारस आहात असं प्रतिज्ञापत्र करून टाका. कोण बघायला येतंय?" त्यांनी मसुदाही टाइप करून आणून दिला. मी फक्त नोटरीकडे जाऊन सही करायची होती.

त्यांना दोष देत नाही. मला ते ऐकायचंच होतं. वहिनीशी मी आठ वर्षं बोलले नव्हते. आई गेली त्या दिवशी तिच्या हातातल्या दोन सोन्याच्या बांगड्या सापडल्या नाहीत. आईला शेवटची आंघोळ वहिनीने घातली होती. मी भरल्या घरात, आल्यागेल्यांच्या देखत तिला म्हटलं, "बांगड्या कुठे गेल्या, ते तुलाच माहीत." ती काहीच बोलली नाही. मुलीचा हात धरून खाली उतरली. तिचं ते न बोलणं हाच मी पुरावा धरला. दादाच्या दफनाला मी गेले, पण कबरीच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिले. दादा गेल्यावर ती लालबागला मसाला कुटून देणाऱ्या एका दुकानात कामाला लागल्याचं कानावर आलं होतं. माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर, पण त्या गल्लीतून जायचं मी टाळत असे. तिने आईचं सोनं नेलं, मी खोली ठेवली तर काय बिघडलं, असा हिशेब मी मनात पक्का करून ठेवला होता. तरीही रोज सकाळी प्रार्थनेला बसले की पहिल्या वाक्यावरच अडायला व्हायचं. तोंडाने प्रभूचं नाव घ्यावं आणि आतून कुणीतरी शांतपणे आपल्याकडे बघत असावं, तसं वाटायचं.

मंगळवारी तो मसुदा आणि खोलीचे कागद फाइलमध्ये घालून मी दादरला नोटरीकडे निघाले. फुलबाजाराजवळ पोहोचेपर्यंत अकरा वाजले असतील. सकाळी चहाशिवाय काही पोटात नव्हतं, वर ऊन. ओल्या पानांवरून पाय सरकला की आधी डोळ्यांपुढे अंधारी आली, हे मला आजही सांगता येत नाही. भानावर आले तेव्हा एक अनोळखी बाई माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि हार ओवायच्या ओल्या हातांनी माझ्या कपाळाला पाणी लावत होती. डावं मनगट सुजलं होतं, चष्मा फुटला होता. माझे विखुरलेले कागद तिने गोळा करून फाइलमध्ये घातले होते.

"मावशी, पडून राहा. फोन लावलाय, येतायत घरचे," ती म्हणाली.

मी म्हटलं, "घरचे कोण? माझ्या घरी कुणी नाही."

"तुम्हीच सांगितलंत ना, दादाला लाव म्हणून? फोनमध्ये दादा नाव होतं, त्यावर लावला. बाईमाणूस बोलली. निघाली म्हणाली."

मी असं काही बोलल्याचं मला अजिबात आठवत नाही. दादाचा नंबर मी पाच वर्षांत पुसला नव्हता, पण त्यावर कधी फोनही केला नव्हता. तो बंद झाला असेल असंच मी धरून चालले होते. वहिनीने तो नंबर चालू ठेवला होता, दर महिन्याला पैसे भरून, हे मला त्या फुटपाथवर आडवी पडलेली असताना कळलं.

ती वीसेक मिनिटांत आली. कामावरून तशीच टॅक्सीत बसली असावी. हात मनगटापर्यंत मिरचीने लाल, डोक्याला रुमाल बांधलेला. मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, आता ही काय बोलेल ते बोलेल. ती खाली बसली आणि एवढंच म्हणाली, "खय लागला, ताई?" वहिनी मालवणकडची. घाबरली की तिच्या तोंडून माहेरची बोली येते, हे मी विसरूनच गेले होते. तिच्या कपड्यांतली मिरची माझ्या नाकात गेली आणि मला शिंका येऊ लागल्या. फुलवाली हसली, वहिनी हसली, मग मलाही रडता रडता हसू आलं.

परळच्या ज्या हॉस्पिटलात मी नोकरी केली तिथेच ती मला घेऊन गेली. हाडाला बारीक चीर होती, प्लॅस्टर घालायचं होतं. आम्ही दोघी ओपीडीच्या बाकावर नंबरची वाट बघत बसलो. माझी फाइल तिने सगळा वेळ काखेत धरली होती, आपल्याच घरची असावी तशी. केसपेपर काढताना, एक्स-रेचे पैसे भरताना, कुठेही तिने ती खाली ठेवली नाही. मला ते बघवेना. तिने फाइल उघडली असती, वाचून माझ्या अंगावर भिरकावली असती, तर बरं झालं असतं. मी मनात म्हटलं, प्रभू, मला धीर दे. एवढीच प्रार्थना, पण त्या महिन्यातली ती पहिली प्रार्थना जी अडली नाही.

"वहिनी, त्या फाइलमध्ये काय आहे माहीत आहे?"

"खोलीचे कागद असतील."

"त्यात लिहिलंय की मी एकटीच वारस आहे. सही करायला निघाले होते."

तिने काखेतली फाइल हातात घेतली. मग म्हणाली, "चाळ पाडतायत ते कळलं होतं मला. वाट बघत होते, तुम्ही कधी बोलवाल. मग म्हटलं, नसेल बोलवायचं." आवाज चढलेला नव्हता. ती फाइल माझ्या मांडीवर ठेवत म्हणाली, "बांगड्यांचं विचारायचं असेल तर विचारून टाका. आठ वर्षं मनात ठेवलंत."

प्रश्न ओठांपर्यंत आला होता. पण अचानक माझ्या लक्षात आलं, की ती काय उत्तर देते यावर जर मी खोलीवर तिचं नाव घालायचं की नाही ते ठरवणार असेन, तर मी अजून सौदाच करते आहे. मला प्रभूची क्षमा मिळाली तेव्हा माझी कुणी झडती घेतली नव्हती. मी म्हटलं, "नाही विचारायचं. उत्तर काहीही आलं तरी कागदांवर तुझं नाव येणारच. त्या दिवशी चारचौघांत बोलले, ते मी बोलायला नको होतं. मला माफ कर."

तेवढ्यात माझा नंबर पुकारला गेला. उठताना तिने माझ्या उजव्या दंडाला धरलं आणि म्हणाली, "मी खोली मागायला आले नव्हते, ताई. पण पोरीच्या शिक्षणासाठी माझं नाव घालाल तर नको म्हणणार नाही." हे तिचं सरळ बोलणं मला कुठल्याही गोड शब्दांपेक्षा बरं वाटलं.

तो मसुदा मी फाडला. प्लॅस्टरचा हात गळ्यात अडकवून सेक्रेटरींकडे गेले आणि माझं, वहिनीचं आणि भाचीचं, अशी तिन्ही नावं घालायला सांगितली. ते म्हणाले, "ताई, म्हातारपणी हात दाखवून अवलक्षण करताय. उद्या त्या तुम्हाला बाहेर काढतील." मला भीती वाटली नाही असं नाही. एकटीच्या म्हातारपणाची जी तजवीज मी डोक्यात मांडली होती ती त्या दिवशी निम्म्यावर आली. दोन रात्री नीट झोप लागली नाही. पण सकाळी प्रार्थनेला बसले की शब्द आपोआप येत होते.

हात बरा झाल्यावर मी त्या फुलवालीला भेटायला गेले. तिच्या जागी दुसरीच बाई बसली होती. म्हणाली, "ती माझी बहीण. मी आजारी होते म्हणून चार दिवस बसली, मग गावाला गेली." मी तिच्याकडून हार घेतला, निरोप ठेवला आणि परतले. त्या चार दिवसांतला एक दिवस माझा होता, यावर मी अजूनही विचार करते. त्यात प्रभूचा हात होता असं कुणाला पटवायला जात नाही.

चाळ आता रिकामी झाली आहे. नवी खोली मिळेपर्यंत बिल्डर भाडं देतो, शिवाय वहिनीने विरारच्या जागेचं भाडं वाचवायचं ठरवलं आणि आम्ही तिघी प्रभादेवीला दोन खोल्यांत एकत्र राहतो. सगळं गोडीगुलाबीत चाललंय असं मुळीच नाही. वहिनीला पहाटे भांडी आपटायची सवय आहे, मला पंखा दोनवर लागतो आणि तिला पाचवर. गेल्या महिन्यात वीजबिलावरून आम्ही एक अख्खा दिवस अबोला धरला. संध्याकाळी भाचीने दोघींना एकाच ताटात जेवायला वाढलं आणि म्हणाली, "एवढंच धुणार आहे मी आज." बांगड्यांबद्दल वहिनीने आपणहून सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ते ओझं मी जिथे उतरवलं तिथेच राहू दिलं आहे.

मी आयुष्यभर दुसऱ्यांची शुश्रूषा केली, त्यामुळे आपल्याला कुणाची गरज नाही असं मला फार वर्षं वाटत आलं. प्रभूने मला माझ्या हिशेबातून सोडवलं, पण त्यासाठी आधी मला आडवं व्हावं लागलं, माझं डोकं दुसऱ्या कुणाच्या तरी मांडीवर जावं लागलं. त्याच्या हाती सोपवणं म्हणजे काय, हे चर्चमध्ये कितीदा तरी ऐकलं होतं. आता ते रोज थोडं थोडं शिकते आहे. वहिनी कामावरून येते, दारातच हात धुते, आणि मी चहाचं आधण तिघींसाठी ठेवते.