दहावीचा वर्ग वर भरतो

माझ्या भावाच्या मुलीचा मला हेवा वाटतो. आत्यानं असं बोलू नये, पण वाटतो त्याला मी काय करू? ती पंधरा वर्षांची आहे. जन्मापासून तिचे पाय तिचं ऐकत नाहीत, हात कापतात, आणि चाकाच्या खुर्चीत बसून ती शाळेत जाते. माझा उजवा पाय लहानपणीच पोलिओनं गेला. आता मी पन्नाशीला टेकले. माण तालुक्यातल्या एका गावात, एकाच घरात आम्ही दोघी राहतो. शाळाही एकच. फरक एवढाच की तिला शाळेनं घेतलं आणि मला सोसलं.

तिच्यासाठी व्हरांड्यापर्यंत उतार बांधलाय. तालुक्याहून एक विशेष शिक्षिका स्कूटीवरून येतात, खास तिच्यासारख्या मुलांसाठी. परीक्षेत तिचा पेपर लिहायला लेखनिक, वर जादा वेळ. या कशाचं तिला काडीचं कौतुक नाही. उतारावर जरा वाळू आली की शिपायाला झाडायला लावते आणि संध्याकाळी घरी येऊन ते सांगते. मी शिलाई मशीनवर बसून ऐकते आणि माझ्या पोटात दुखायला लागतं. मुतारी मैदानाच्या पार पलीकडे होती म्हणून मी शाळेत दिवसभर पाणी प्यायची नाही. असलं काही सरांना सांगायचं असतं, हेच मला ठाऊक नव्हतं.

आमच्या शाळेत दहावीचा वर्ग वर भरतो. माडीवर ती एकच खोली आहे. जूनमध्ये पहिल्या दिवशी खालच्या पायरीला हळदकुंकू लावतात, नारळ फोडतात, आणि दहावीची मुलं रांगेनं वर चढतात. बाकीचे वर्ग खाली उभे राहून टाळ्या वाजवतात. वर गोंगाट पोचत नाही, बोर्डाचा अभ्यास चांगला होतो, असं म्हणतात. खरं म्हणजे तो मान आहे. वर गेलेलं पोर मोठं झालं, असं गाव धरून चालतं.

यंदा हिची पाळी आली. मुख्याध्यापकांनी तोड काढली होती. वर्गातली दांडगी पोरं तिला खुर्चीसकट वर नेतील, अगदी पालखीसारखी. पोरं हौसेनं तयार झाली. गावालाही ते आवडलं.

"मी काय देव हाय व्हय?" ही म्हणाली. "मला उचलायचं न्हाई. वर्ग खाली आणा. न्हाईतर मी घरी बसते."

माझा तिळपापड झाला. उचलायला माणसं तयार आणि हिचा हा तोरा! भाऊ मुंबईला कामाला, त्यामुळे वहिनी माझ्याकडे आली. "वन्सं, तुमी चला. तुमी त्याच शाळंत शिकलाय, तुमचं ऐकत्याल."

मुख्याध्यापकांच्या खोलीत वहिनी, ही आणि मी बसलो. विशेष शिक्षिकांनी कायदा काय म्हणतो ते शांतपणे सांगितलं. मुलीच्या मनाविरुद्ध तिला उचलून नेणं म्हणजे सोय नव्हे, असं त्यांचं म्हणणं.

"कायदा मान्य आहे, बाई," मुख्याध्यापक म्हणाले. माणूस वाईट नाही. "पण एकीसाठी सगळ्या वर्गाचा मान कसा काढून घेऊ? ह्या ताईंकडं बघा. ह्याच शाळेत शिकल्या. तेव्हा कुठं होता उतार? ताई, तुम्हीच सांगा हिला. तुम्ही चढलातच ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. 'व्हय, चढले' एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यानं ती माझ्या बरोबरीला आली असती. सगळं मिळालंय की हिला, एक गोष्ट नाही मिळाली तर काय बिघडलं? शब्द अगदी ओठावर आला होता. तेवढ्यात माझं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. थरथर कुणाला दिसू नये म्हणून तिनं तो मांडीखाली दाबून धरला होता. घरात एवढी ठसक्यानं बोलणारी पोरगी भ्यायली होती.

"न्हाई सर," मी म्हणाले. "सुरवातीला वडलांनी पाठीवर घेऊन नेलं. ते मुंबईला परत गेले, मग वर्गातली पोरं उचलायला लागली. मी तवा हिच्याएवढी. कुणाचा हात कुठंबी लागायचा. मी शाळाच सोडली. आईनं सांगितलं, हिचं मन लागत न्हाई. गावानं तेच खरं मानलं."

"हे आम्हाला कुणी सांगितलं नाही," ते हळू आवाजात म्हणाले.

"इचारायलाबी कुणी आलं न्हाई."

त्यांनी शिपायाला हाक मारली. मला वाटलं, आता अर्ज मागतील, बैठक बोलावतील, दिवाळी उजाडेल. पण मधल्या सुट्टीत पोरांनीच बाकं उचलली. दहावीची खाली, आठवीची वर. जिन्यात नुसता दंगा. आठवीची पोरं तर वर जायला मिळालं म्हणून नाचत होती. घंटा व्हायच्या आत सगळं लागलं, आणि पोरांना डबा खायलाही वेळ उरला.

ही पहिल्या बाकाशेजारी खुर्ची लावून बसली. वहिनी डोळे पुसत होती. मलाही रडू आलं, आणि तिला वाटलं, आनंदानं. तिनं माझा हात धरला.

मी जळत होते. एवढंच काम होतं. माझी दहावी एवढ्याशा कामासाठी राहिली.