वीस पोरांचा पालक

राजदीपला स्वतःची एकच मुलगी, तीही अजून अंगणवाडीत. पण फोनच्या हिशेबानं पाहिलं तर तो वीस पोरांचा पालक होता. चामोर्शीच्या बाजारात त्याचं पत्र्याचं दुकान: फोन दुरुस्ती, रिचार्ज, स्क्रीनगार्ड. हे पालकपण त्याच्या गळ्यात पडलं ते त्याच्या चांगुलपणामुळं, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला शिव्याच द्याल.

झालं असं, की शाळकरी पोरांच्या हातात फोन आले. मोठ्या माणसानं हो म्हटल्याशिवाय पोराच्या फोनवर ॲप उतरूच नये, अशी सोय त्यात करता येते. सोय चांगलीच. पण त्यासाठी मोठ्या माणसाकडं वेगळा फोन लागतो, आणि जंगलाकडच्या गावांत घरात फोन एकच, तोही पोराच्याच हातात. आई धानाच्या बांधीत राबायला, नाहीतर जंगलात तेंदूपानं तोडायला. हो म्हणणार कोण? "भाऊ, मले का समजते त्यातलं? तुमीच पाहा," असं आधी एक बाई म्हणाली, मग दुसरी, मग कितीतरी जणी. राजदीपनं न विकले गेलेले चार जुने फोन गल्ल्याशेजारी चार्जिंगला लावले. एकेका फोनवर पाच पोरं. तिकडं गावात पोरानं ॲप मागितलं की इकडं फोन वाजायचा, आणि यानं नीट वाचून हो किंवा नाही दाबायचं. एक पैसा घेत नव्हता. बाया त्याला देवमाणूस म्हणायच्या. खरं सांगायचं तर त्याला ते फार आवडायचं.

पहिला महिना त्यानं खरंच वाचलं. पण बाजाराच्या दिवशी समोर दहा गिऱ्हाईकं, हातात स्क्रीनगार्ड, धुळीचा जरा कण राहिला की आत बुडबुडा, आणि बाजूला चारही फोनांची टिंगटिंग. कोण वाचत बसतो हो? अंगठा जायचा आणि हो दाबून परत यायचा. एकदा केलं, काही बिघडलं नाही. मग तेच वळण पडलं.

धानाचे रोवणे आटोपल्यावर एका बाजाराच्या दिवशी दुर्गाबाई दुकानात आली. मागं तिची आठवीतली दिव्यानी, गालावर वळ उमटलेले.

"भाऊ, या पोट्टीनं नाक कापलं माझं!" दुर्गाबाईनं फोन काउंटरच्या काचेवर आपटला.

दिव्यानीच्या फोनवर अनोळखी लोकांशी बोलायचं एक ॲप होतं. त्यातल्या एका 'मैत्रिणी'नं महिनाभर गोड बोलून शेवटी सांगितलं, बल्लारपूरच्या स्टेशनवर एकटीच ये, घरी सांगू नको. मग फोन आला, तर आवाज बाप्याचा. पोरगी घाबरली आणि स्वतःहूनच आईपुढं फोन ठेवून रडली.

"आता म्हणते, राजदीपकाकानंच हो म्हटलं! मी म्हटलं, भाऊ असलं ॲप कदी घेऊ देणार नाई. तूच कायतरी चोरून केलं असन. लय झोडपलं तिले. उद्या शाळेतून नाव काढते न् मामाच्या घरी ढोरं राखाले पाठवते. पण म्हटलं, एकडाव भाऊले इचारून घेऊ. तुमी देल्ली होती का परवानगी?"

दुकानात चार गिऱ्हाईकं उभी होती. सगळ्यांचे कान इकडंच.

"नाई बाई," तो बोलून गेला. "मी कायले देईन? आजकालचे पोट्टे लय हुशार झाले."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच. दिव्यानीनं त्याच्याकडं पाहिलं. आईनं दंडाला धरून तिला ओढत नेलं.

त्या गेल्यावर राजदीपनं तिसरा फोन उघडला. नोंद होतीच: बाजाराचा दिवस, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं, दिव्यानी, परवानगी दिली. त्याच मिनिटाला आणखी चार पोरांना दिलेली. त्याला स्वतःचीच किळस आली. घरी तो भरल्या ताटावरून तसाच उठला, तेव्हा बायकोनं, रिनानं, खोदून खोदून विचारलं आणि सगळं वदवून घेतलं. ती चिडलीच. "देवमाणूस म्हणे! सकाळी आंघोळ नाई केली तरी चालन, पण आधी तिच्या घरी जा."

सकाळी तो गाडी घेऊन निघाला. जंगलाच्या रस्त्यावर दोनदा थांबला, दोनदा परत फिरावंसं वाटलं. पोचला तेव्हा दुर्गाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून शाळेत जायलाच निघाली होती. भाऊ दारात आलेले पाहून तिनं लगबगीनं खाट टाकली, पाण्याचा लोटा आणला. तो मान पाहून तो लाजेनं अधिकच मेला.

"बसत नाई बाई. पोरीचं नाव शाळेतून काढू नका. परवानगी मीच देल्ली होती. वाचलं नाई, पायलं नाई, तसंच दाबलं. पोरगी खरं बोलत होती. मीच खोटं बोललो."

दुर्गाबाईच्या हातातला लोटा तसाच राहिला. मग लोटा जमिनीवर ठेवून तिनं पदर तोंडाला लावला. "मारलं ना मी तिले, भाऊ. तुमच्या भरवशावर मारलं."

दिव्यानी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. गालावरचे वळ आता काळपट पडले होते. राजदीपनं तिच्यापुढं हात जोडले. एवढ्याशा पोरीपुढं हात जोडायची त्याच्यावर पहिलीच वेळ.

"माफ कर, बेटा."

ती म्हणाली, "काका, मंग काल काऊन नाई सांगतलं?"

उत्तर होतं त्याच्याजवळ. दुकानात चार गिऱ्हाईकं उभी होती. एवढंच. पण ते तिच्या तोंडावर सांगायची त्याला लाज वाटली. तो हात जोडून तसाच उभा राहिला, आणि ती त्याच्या उत्तराची वाट पाहत राहिली.