काठातलं राहिलेलं फूल

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मी इतवारीत कॉम्प्युटर क्लासमध्ये एक्सेल शिकवते. कॉम्प्युटरने काही विचित्र केलं, की ते केलेलं असतं समोर बसलेल्या माणसाने, हे मी पोरांना वीस वर्षं सांगत आलेय. त्यामुळे हसायचं असेल तर हसा, पण पूर्ण वाचून मग हसा.

आम्ही विणकर. बाबा नऊवारीचे रेशमी काठ विणायचे. आईसाठी त्यांनी एकच साडी विणली होती आणि तिच्यातला काठ दुसऱ्या कोणाला कधी दिला नाही. आईने ती इतकी नेसली, की शेवटी तिची दुपटी झाली आणि दुपटीही विरली. पुढे माग विकला. तो काठ राहिला फक्त बाबांच्या डोक्यात.

मग आमचे रविवार सुरू झाले. दुपारी जेवणं झाली, की मी सेकंडहँड कॉम्प्युटर लावायची, बाबा शेजारच्या खुर्चीवर डोळे मिटून बसायचे आणि सांगायचे — "तीन उचल, दोन सोड... एक उचल..." उचललेल्या धाग्याचा एक्सेलमधला चौकोनी सेल मी काळा करायची, सोडलेला पांढरा. आई बाजूला संत्री सोलत आमची थट्टा करायची, की मागावर कधी इतका वेळ लावला नाही यांनी. एका रविवारी फाइल उघडेचना. बाबांचा चेहरा उतरला. म्हणाले, "गेलं का वं सारं?"

सुदैवाने कॉपी होती. पण त्याच दिवशी मी दोन मॅक्रो, म्हणजे एक्सेलमधले छोटे प्रोग्राम, लिहिले. एक मॅक्रो काठाची प्रत्येक ओळ साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहायचा, काळ्याला एक आणि पांढऱ्याला शून्य. दुसरा ती फाइल वाचून एक्सेलमध्ये पुन्हा सेल रंगवायचा. नोटपॅडमधल्या ओळींवरून बाबांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, "हे तं मागासारखंच दिसून राहिलं." एवढी शाबासकी मला शाळेतही कोणी दिली नव्हती.

एका फुलाच्या शहाण्णव ओळी, मग तेच फूल पुन्हा. अठ्ठेचाळीस झाल्या होत्या — देठ आणि दोन पानं. तेव्हा क्लासमध्ये नवीन बॅच लागली. "पुढच्या रविवारी, बाबा" असं मी तीनदा म्हटलं. चौथ्या रविवारच्या आधी त्यांना अटॅक आला... त्याला बारा वर्षं झाली. ती टोचणी काही गेली नाही.

यंदा माझ्या लेकीचं लग्न ठरलं. आईने एकच गोष्ट मागितली, की नातीच्या साडीला तो काठ हवा. तिची नजर आता अधू झालीय, उशीर करून चालणार नव्हतं. उमरेडचा माझा चुलतभाऊ प्रमोद अजून माग चालवतो. म्हटलं, त्याला देठ-पानं देऊ, वर तो आपल्या मनाचं फूल बसवेल.

रविवारी दुपारी मी जुन्या पेनड्राइव्हवरून ती टेक्स्ट फाइल कोऱ्या शीटवर लोड केली. देठ आला, पानं आली... आणि मॅक्रो थांबलाच नाही. वर पाकळ्या भरत गेल्या. शहाण्णव ओळी. आई जवळ येऊन स्क्रीनला नाक लावून बघत होती. म्हणाली, "पुरं केलं होतं का त्यांनी? मले काहून नाही सांगितलं?"

मी आधी प्रिंट काढली. मग नोटपॅडमध्ये तीच फाइल उघडली, तर अठ्ठेचाळीस ओळी! पुन्हा लोड केली, तर नुसता देठ आणि पानं. मॅक्रो ओळ न् ओळ तपासला. दुसरी फाइल नाही, दुसरी कॉपी नाही, आणि बाबांना तर माउसही धरता येत नव्हता.

प्रिंट घेऊन आम्ही दोघी उमरेडला गेलो. प्रमोदने ती नखाने मोजत वाचली. म्हणाला, "ताई, एकाहत्तराव्या ओळीत एक धागा चुकला आहे. सुधरवून टाकू का?"

मी हो म्हणणार, तेवढ्यात आई बोलली. "हात नको लावू त्याले."

मग माझ्याकडे वळून तिने जे सांगितलं, ते मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. "मी दवाखान्यात होती अन् हे ती साडी विणून राहिले होते. तू झाली असा निरोप आला तं तसेच उठून पळाले. एक धागा सुटला. साऱ्या साडीत एकाच फुलात चूक होती. मी म्हटलं, काढून पुन्हा विणा. तं म्हणे, राहू दे, हा पोरीचा धागा आहे."

प्रमोदने साडीभर फुलं नीट विणली आणि एकाच फुलात तो धागा सोडला. लग्नात आई ते एक फूल बोटांनी शोधत नातीजवळ बसून होती.

माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. बाबांनी मला ते फूल सांगितलं असतं, तर बिनचूकच सांगितलं असतं, चूक कोणी उतरवून देत नाही. एवढंच खात्रीने सांगते, की माझ्या जन्माची ती ओळ मी टाइप केलेली नव्हती.