अंगण खरंच वाकडं असेल तर

मोटार शिकवणाऱ्या माणसाला जिवाची भीती असावी लागते, पण ती चेहऱ्यावर दिसून चालत नाही. मॅडमना भीती आहे की नाही हे आजवर कुणालाच कळलेलं नाही. त्या आपल्या धंद्यात किती मुरल्या आहेत, ते एवढ्यावरून लक्षात यावं. शिकवायच्या गाडीत त्यांच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो. तो त्या सहसा दाबत नाहीत. आपण दाबला की शिकणाऱ्याचा पाय शिकत नाही, असं त्यांचं म्हणणं. समोर ट्रक आला तरी त्या फक्त "ब्रेक" म्हणतात, तेही पोस्टाच्या खिडकीशी तिकीट मागावं इतक्या शांतपणे. त्यामुळे लोक त्यांना ब्रेकवाल्या मॅडम म्हणू लागले आणि वापरून वापरून नुसतं 'मॅडम' उरलं. घरच्या गाडीत नवऱ्याशेजारी बसल्या की मात्र त्यांचा पाय आपोआप दाबला जातो. तिथल्या चटईला भोक पडलं आहे. नवऱ्याने ती चटई बदललेली नाही. त्याला तेवढाच पुरावा हवा असतो.

त्यांचा स्वयंपाकाचा ब्लॉग सुरू झाला तोही गाडीतच. शिकायला येणारे बरेचसे लोक आयुष्यात नुकतेच एकटे पडलेले असतात. कुणाला पहिली नोकरी परगावी लागलेली, कुणाची बायको गेलेली, काहींची नुसतीच निघून गेलेली. सिग्नलला गाडी थांबली की हे लोक समोर बघत हळूच विचारायचे, "मॅडम, भातात पाणी किती घालतात हो?" मॅडम सिग्नल सुटायच्या आत उत्तर द्यायच्या. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा देऊन कंटाळा आला तेव्हा त्यांनी ती लिहून काढली आणि ब्लॉगला नाव दिलं, 'पहिला गिअर'.

लिहिण्याची पद्धत गाडीतलीच. "गॅस लावा. आता काही करू नका. मी सांगेपर्यंत कांद्याला हात लावू नका, कांदा पळून जात नाही." किंवा, "घाबरलात तर गॅस बंद करा. गॅस बंद केल्याने आजवर कुणाचं वाईट झालेलं नाही." पदार्थही तसेच: अंडी, बटाटे, भात, भाज्यांचं सूप. ज्यांना स्वयंपाक येतो ते असल्या ब्लॉगकडे ढुंकून बघत नाहीत. ज्यांना पाणी उकळतानासुद्धा धाकधूक होते, असे लोक मात्र तो ओट्यावर फोन उभा करून वाचतात. आणि असे लोक जगात किती आहेत याचा अंदाज स्वयंपाक येणाऱ्यांना नसतो.

ब्लॉगवर काही चढवण्याआधी मॅडम परीक्षा घेतात. परीक्षार्थी कायमचा एकच, त्यांचा नवरा. तो दातांच्या कवळ्या बनवतो. दुसऱ्याच्या तोंडातली दाढ तो केसाच्या फरकाने बसवील, पण घरातलं मीठ कुठल्या डब्यात आहे हे त्याला लग्नापासून दर वेळी नव्याने सांगावं लागतं. मॅडम फोनवर पाककृती लिहून त्याच्या हातात देतात, "अहो" म्हणतात आणि स्वयंपाकघराच्या दारात हात पाठीमागे बांधून उभ्या राहतात. त्यांच्या 'अहो'मध्ये आर्जव नसतं, हॉर्न असतो. मग एक शब्द बोलायचा नाही. पदार्थ जमला तर ब्लॉगवर जातो. बिघडला तर चूक नवऱ्याची असो वा नसो, दुरुस्ती मजकुरात होते. या एका तत्त्वावर त्यांचा संसारही पुष्कळसा चालला आहे.

तिसरं खातं सासूबाईंकडे. त्या चव घेतात आणि मत देतात. मत मागावं लागत नाही. ब्लॉग सुरू झाला त्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "आधी लोकांना रस्त्यावर सोडलंस, आता स्वयंपाकघरातही सोड. कुठे म्हणून सुरक्षित जागा ठेवू नकोस."

ब्लॉगला पाच वर्षं पूर्ण व्हायला आली तेव्हा वाचकांना काहीतरी भेट द्यावी असं मॅडमच्या मनात आलं. हे त्यांनी बोलून दाखवलं ते नेमकं भांडीवाल्यापुढे. हा त्यांचा जुना विद्यार्थी. गाडी मागे घेताना त्याची मान वळत नसे, म्हणून परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास व्हायचा. मॅडमनी त्याची मान वळवून दाखवली, तेव्हापासून तो त्यांना देव मानत नसला तरी आरटीओपेक्षा वरचं मानतो.

"मॅडम, पॅन माझ्याकडून," तो म्हणाला. "डझनभर. दिसायला बघा नुसता!" आणि त्याने फोटो पाठवला. काळा कुळकुळीत, तुकतुकीत, लाल मुठीचा.

मॅडमनी तो फोटो त्याच संध्याकाळी ब्लॉगवर लावला. पाचव्या वाढदिवसाची भेट: डझनभर वाचकांना एकेक पॅन. तुम्ही पहिल्यांदा काय शिजवलंत ते लिहा, रविवारी चिठ्ठ्या टाकून नावं काढू. आधी आरसा, मग इंडिकेटर, हे वाक्य या बाई रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत जगाला ऐकवतात. इथे त्यांनी इंडिकेटर दिला होता आणि आरशात बघायचं राहिलं होतं. पॅन त्यांनी हातातही घेतला नव्हता.

वाचकांनी भराभर लिहिलं. कुणी पहिल्या भाताबद्दल, कुणी पहिल्या भाजण्याबद्दल. पण निम्म्याहून अधिक लोकांचा सूर एकच होता: मला अजून काही नीट जमत नाही, साधं अंडंही चिकटतं, पण चांगला पॅन मिळाला तर पुन्हा प्रयत्न करीन.

शनिवारी सकाळी खोकं आलं. मॅडमनी एक पॅन काढला, धुतला, "अहो" म्हणाल्या आणि दारात उभ्या राहिल्या. नवऱ्याने तेल घातलं. तेल लगेच कडेला पळालं आणि लग्नात ओळख नसलेले पाहुणे भिंतीला लागून उभे राहतात तसं गोल उभं राहिलं. अंडं मधे कोरड्यावर पडलं. खालून करपलं, वरून कच्चं राहिलं. त्याने ते खरवडलं, पॅन धुतला, दुसरं फोडलं. तेही तसंच. तिसऱ्या वेळी त्याने पॅन वाकडा धरून तेल मधे आणायचा प्रयत्न केला, तर तेल मधे न थांबता या कडेवरून त्या कडेला गेलं.

"नाचता येईना, अंगण वाकडं," टेबलापासून सासूबाई म्हणाल्या.

"मी कुठे अंगणाला नावं ठेवतोय?" नवरा म्हणाला. "माझाच हात बसत नाहीये."

हे ऐकून मॅडमनी स्वतःचा नियम मोडला. त्या आत आल्या. नवऱ्याच्या कामाच्या टेबलावरची स्टीलची पट्टी आणून त्यांनी ती तापलेल्या पॅनमध्ये आडवी ठेवली. पट्टी मधल्या टेकडीवर सी-सॉसारखी डुलली.

"पण अंगण खरंच वाकडं असेल तर?" त्या म्हणाल्या.

सासूबाईंनी चष्मा लावून बघितलं. "तसं सहसा होत नाही," त्या म्हणाल्या, "म्हणून तर म्हण झाली." पण आवाज जरा उतरला होता.

खोक्यातले सगळे पॅन एकामागून एक शेगडीवर चढले. सगळ्यांना टेकडी. थंड असताना केसाएवढी, तापल्यावर डोळ्यांना दिसेल एवढी.

"देऊन टाक गं," नवरा म्हणाला. "फुकटच तर आहेत. पट्टी लावून कोण बघणार?"

"तेच तर. कोणी बघणार नाही. तुम्ही तरी बघितलंत? तीन अंडी घालवलीत आणि तिन्ही वेळा स्वतःला बोल लावलात." मॅडम खुर्चीवर बसल्या. "आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांनी एकदा क्लच गेलेली गाडी शिकवायला दिली होती. ती बंद पडली की प्रत्येक शिकाऊ मलाच सॉरी म्हणायचा. एकही म्हणाला नाही, बाई, गाडी बघा. घरी जाऊन सांगायचे, आपल्याला जमणार नाही. आणि परत यायचेच नाहीत. आता हे पॅन मी डझनभर घाबरट लोकांना देऊ? पाच वर्षं त्यांना ओट्याशी उभं करायला घालवली ती याच्यासाठी?"

"मग शब्द फिरवणार?" नवऱ्याने विचारलं. "उद्या रविवार आहे."

सासूबाई म्हणाल्या, "फुकटचं म्हणून वाकडं द्यायचं असेल तर पॅन कशाला? आपले नातेवाईकच वाटून टाका."

मॅडम पॅन पिशवीत घालून भांड्यांच्या गल्लीत गेल्या. दुकानात छतापासून कळशा लटकत होत्या, दाराशी पातेल्यांच्या उतरंडी होत्या, आणि त्यामधून वाट काढत भांडीवाला हसत पुढे आला.

"या मॅडम! आवडले ना?"

"आत चहाची शेगडी आहे ना तुमची? पेटवा."

"चहा घेणार? वा!"

"नाही. तुम्ही अंडं करणार." मॅडमनी पिशवीतून अंडी काढली.

"मी? अहो, आमच्याकडे ते खातं मिसेसकडे आहे. मी आयुष्यात चहापलीकडे गेलो नाही."

"म्हणूनच तुम्ही," मॅडम म्हणाल्या आणि हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या. ती पोज ओळखून भांडीवाल्याने लगेच शेगडी पेटवली. पहिलं अंडं करपलं. "पुन्हा," मॅडम म्हणाल्या. दुसरंही करपलं.

"सॉरी मॅडम."

"मला कशाला सॉरी? अंडं काही मी घातलेलं नाही."

"माझा हातच नाही हो यात."

"हात राहू दे. मान वळवा आणि तेलाकडे बघा."

त्याने बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पॅन उचलून डोळ्यासमोर आडवा धरला, पालथा केला, पुन्हा सुलटा केला. इतकी वर्षं हा माणूस भांडी विकत होता, पण विकताना भांडं हातात असतं, शेगडीवर नसतं.

"पण मॅडम," तो हळू आवाजात म्हणाला, "एकही गिऱ्हाईक परत येऊन बोललं नाही."

"बोलेल कसं? तुम्ही आत्ता काय बोललात?"

भांडीवाल्याने पॅन खाली ठेवला आणि शिडी लावली. माळ्यावरून त्याने धुळीने भरलेले जाड बुडाचे पॅन खाली काढले. राखाडी, ओबडधोबड, उचलताना मनगट मोडेल असे. त्याच्या वडिलांच्या वेळचे. चकाकत नाहीत म्हणून कुणी घेत नाही, म्हणाला. मॅडमनी प्रत्येकाला पट्टी लावली. चार सरळ निघाले.

"चारच आहेत," तो म्हणाला. "तुम्ही तर डझन लिहिलंय."

"मी लिहिलंय, मी निस्तरीन."

"आणि दुकानाचं नाव?"

"नाव नाही लिहीत. त्या लाल मुठीवाल्याचा फोटो मात्र लावणार."

"तो जरा लांबून काढा," भांडीवाला म्हणाला.

फोटो जवळून काढला गेला. पॅनमध्ये पट्टी, पट्टीखाली टेकडी, टेकडीवर करपलेलं अंडं. खाली मॅडमनी लिहिलं: "डझनभर पॅन देईन म्हटलं होतं. न तपासता म्हटलं, ही माझी चूक. देणार आहे चारच, पण सरळ. बाकीच्यांनी घरातल्या पॅनला एक पट्टी लावून बघा. तुमचं अंडं चिकटत असेल तर त्यात तुमचा दोष असेलच असं नाही. आधी भांडं तपासा, मग स्वतःला नापास करा."

"डझनाचे चार झाले, पुढच्या वर्षी काय, चमचा?" असं कुणीतरी लगेच टोचलं. मॅडमनी ते काढून टाकलं नाही. खाली उत्तर दिलं, "चमचाही सरळ असेल तरच."

मग मात्र पट्ट्या निघाल्या. कुणी शाळेची लाकडी पट्टी लावली, कुणी सुरीची पाठ, कुणी कपाटाची निघालेली फळी. एकाने घरातल्या सगळ्या भांड्यांचा निकालच जाहीर केला: दोन पास, बाकी नापास, कुकरला ग्रेस. एका बाईंनी लिहिलं, की मी स्वतःला इतकी वर्षं बिनहाताची समजत होते, आज शेजारणीच्या पॅनमध्ये अंडं केलं आणि ते सरकलं. एका नवरोबांनी लिहिलं, "बायकोच्या ऑम्लेटला मी लग्नापासून नावं ठेवली. आज पट्टी लावली. आता माफी मागायची आहे, कुठल्या गिअरमध्ये जाऊ?" मॅडमचं उत्तर आलं, "पहिल्या. हळू. मधे थांबलात तर बंद पडाल."

रविवारी सासूबाईंनी भांड्यातून चार चिठ्ठ्या काढल्या. जिंकलेल्यांतल्या कुणालाही स्वयंपाक येत नव्हता. ते अपेक्षितच होतं.

बुधवारी मॅडम दोन शिकवण्यांच्या मधे गाडी कडेला लावून बसल्या होत्या, तेव्हा भांडीवाल्याचा फोन आला.

"मॅडम, दुकानात एक बाई आल्यात. पर्समध्ये पट्टी आहे."

"मग?"

"मग काय, सकाळपासूनची ही तिसरी. त्यांनी चकाकणारे सगळे बघितले. पट्टीखालून उजेड दिसतोय म्हणतात."

"दिसतोय का?"

पलीकडे पॅन उचलल्याचा आणि त्यात पट्टी ठेवल्याचा आवाज आला.

"दिसतोय," भांडीवाला म्हणाला.

"मग विकू नका."

"मग विकू काय? चांगले चार तुम्ही नेलेत!"

"वडिलांनी जिथून आणले तिथून मागवा."

"तो कारखाना आता कुठे असेल, असेल की नसेल..."

"चौकशी करा. बाईंना नंबर मागून ठेवा. आल्यावर कळवतो म्हणा."

"त्या जात नाहीयेत हो!" भांडीवाल्याने आवाज खाली आणला. "स्टूल घेऊन बसल्यात. म्हणतात, आता आलेच आहे तर..."

मागून एक ठणठणीत आवाज आला. "अहो, फोन झाला की ते वरचे तवे काढा. आणि माझी पट्टी तुमच्या गल्ल्यावर राहिलीय, ती इकडे द्या आधी."