अण्णाचे नापास डोळे

मंडळी, हे लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

आज सकाळी लालबागेत लपाछपी खेळताना माझी चार वर्षांची नात मीरा सापडेना. अंगात हिरवा, पानापानांचा फ्रॉक, मीच हौसेनं शिवलेला! सगळीकडे झुडपं आणि पलीकडे तळं. हाका मारून माझा घसा बसला. बागेचा कानडी वॉचमन म्हणाला, "अम्मा, स्वल्प थांबा, सापडेल." कशी थांबू?

तेवढ्यात माझा थोरला भाऊ अण्णा बाकावरूनच ओरडला, "अगं, ती काय जास्वंदीमागे!"

तिथूनच आम्ही दोनदा गेलो होतो. मीरा गाल फुगवून म्हणाली, "मला कुणी शोधलंच नाही!"

अण्णाला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. साठच्या दशकात आमचे बाबा इथं याच शहरात सरकारी प्रयोगशाळेत होते. सैनिकांच्या गणवेशासाठी हिरव्या-तपकिरी डागांची कापडं तपासायचे. तसा गणवेश घातलेला माणूस झाडीत बसवून आम्हा भावंडांना शोधायला लावायचे. आम्हाला नुसती पानं दिसायची. अण्णाला रंग फसवू शकत नसत, तो माणसाचा आकारच बघायचा आणि लगेच बोट दाखवायचा. बाबा चिडायचे, डाग पुन्हा रंगवून घ्यायचे. अण्णालाही सापडला नाही, तरच नमुना पास.

पुढे अण्णा फौजेत भरतीला गेला. डोळ्यांत दोष आहे म्हणून त्याला परत पाठवलं.

आत्ता मीरा त्याच्या मांडीवरून उतरायला तयार नाही. तुम्हीच सांगा, दोष नक्की कुणाच्या डोळ्यांत होता?