बंद केला, बंद हाय

शेजारचे काका निवृत्त झाले तरी त्यांची प्लांटमधली सवय सुटलेली नाही. घरातला पंखा बंद करतानाही ते मोठ्याने म्हणतात, “बंद केला!” आतून काकींचं “बंद हाय” आल्याशिवाय स्विचवरचा हात काढत नाहीत. दुसऱ्याने स्वतः बघून उत्तर द्यायचं, असा प्लांटमधला नियम. काकी मात्र भाकरी थापता थापताच उत्तर देतात.

गेल्या महिन्यात काकांनी डास मारायची विजेची जाळी घरीच बनवली. डायोड आणि कपॅसिटरची माळ जोडून व्होल्टेज चढवायचं होतं, पण जाळीत जोरच येईना. बरेच दिवस डोकं घातल्यावर एक डायोड उलटा बसलेला सापडला. तो माझ्यासमोरच फिरवला आणि जाळी तडतडली.

“बंद केला!” काका खुशीत ओरडले.

“बंद हाय,” म्हणत काकी चहा घेऊन आल्या, कप ठेवायला जाळी सरकवली आणि किंचाळून मागे पडल्या. स्विच बंदच होता. कपॅसिटरमध्ये साठलेला चार्ज उतरवायचा राहिला होता. तो आधी उतरवायचा असतो, हे मला काकांनीच शिकवलेलं.

काकींना फार लागलं नाही. हात चोळत त्याच म्हणाल्या, “माजंच चुकलं. न बगता बोलली मी.”

काका जाळीची वायर गुंडाळू लागले. कुठे बघावं, मलाही कळेना.

काल त्यांच्याकडे गेलो होतो. मी निघताना काकांनी काही न बोलता, हळूच पंखा बंद केला. तरी खटका वाजलाच.

“बंद हाय,” आतून काकी न बघताच म्हणाल्या.

काकांनी मान खाली घातली आणि ते उत्तर परत करावं तसा पंखा पुन्हा लावला.