हात धुण्याचा फोटो

नात सई वही घरी विसरली म्हणून ती द्यायला शाळेत गेले, तर नळांपाशी पोरांची रांग लागलेली. हात धुण्याचा कार्यक्रम होता. नळाला चार दिवस पाणी नव्हतं, हे सईनंच मला सांगितलं होतं. तरी प्रत्येकाचे हात नळाखाली, आणि हातात साबणाची कोरडी वडी.

"हसा रे सगळे! सई, हात चोळल्यासारखं कर," मोबाईल धरून बाई म्हणाल्या. फोटो निघाला आणि लगेच पालकांच्या ग्रुपवर पडला. माझाही फोन वाजला. फोटोखाली टाळ्या, फुलं, 'अभिमान वाटतो' वगैरे येऊ लागलं. मीही सवयीनं दोन फुलं टाकली.

मग बाईंनी वड्या गोळा केल्या, कागदात नीट गुंडाळल्या आणि पुढच्या फोटोसाठी कपाटात ठेवून दिल्या. शी! माझी ती दोन फुलंही मला ओंगळ वाटू लागली. हाताचा मळ काय, उद्या पाणी आलं की जाईल. पण सात वर्षांच्या पोरीला केल्यासारखं करायला शिकवलं, ते कशानं धुवायचं?

तेवढ्यात खिचडीची घंटा झाली. सईनं फ्रॉकला हात पुसले, ताटासमोर मांडी घातली आणि मान वर करून विचारलं,

"बाई, आता खरं जेवायचं ना?"